रात्रीचे तास कोणी मोजायचे?

१९९८ साली मला मिळालेले नेमणूकपत्र एका पानाचे होते. मध्य मुंबईतील एका धर्मादाय रुग्णालयात भूलतज्ज्ञ म्हणून माझी नेमणूक झाल्याचे त्यात कळवले होते, दरमहा मिळणाऱ्या किमान रकमेचा आकडा होता, आणि सहीच्या वर एक वाक्य होते, ज्याचा मराठीत अर्थ ‘रुग्णालयाच्या गरजेप्रमाणे सेवा द्यावी लागेल’ असा होतो. त्या वाक्याकडे मी पुढची चोवीस वर्षे पुन्हा पाहिले नाही. ते पाहण्याची वेळ आली २०२२ च्या डिसेंबरमध्ये, जेव्हा नव्याने आलेल्या प्रशासनाने आम्हा सगळ्या डॉक्टरांना एकोणीस पानांचा करारनामा ईमेलने पाठवला आणि पंधरा दिवसांत सही करून परत करण्यास सांगितले.

पंधरा दिवसांचे चौदा महिने झाले. सह्या २०२४ च्या फेब्रुवारीत झाल्या आणि १ एप्रिलपासून करार लागू झाला. वाटाघाटींसाठी डॉक्टरांनी निवडलेल्या चौघांत मी होते. त्यानंतर इतर रुग्णालयांतील तीन सहकाऱ्यांनी फोन करून ‘तुमच्या कराराची प्रत पाठवता का’ असे विचारले. करार गोपनीय असल्यामुळे प्रत देता येत नाही. परंतु तो कसा घडला आणि सह्या झाल्यावर त्याचे काय झाले, हे सांगण्यास कोणाची हरकत नसावी. त्यातला दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण सही करण्यापूर्वी काय पाहावे हे सांगणारे वकील मिळतात. सही झाल्यावर काय करावे हे सांगणारे आम्हाला कोणी मिळाले नाही.

मुंबईतील मोठ्या रुग्णालयांत एकेकाळी ऑनररी डॉक्टरांची पद्धत होती. नामवंत डॉक्टर सकाळी रुग्णालयात येऊन नाममात्र मानधनावर राउंड घेत, शस्त्रक्रिया करत, विद्यार्थ्यांना शिकवत, आणि दुपारनंतर आपापल्या खासगी दवाखान्यात बसत. ती पद्धत मागे पडली, तरी तिच्याबरोबर आलेली मनोवृत्ती धर्मादाय रुग्णालयांत अजून टिकून आहे. डॉक्टर आणि रुग्णालय यांचे नाते शब्दावर चालते, आणि कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे तिथे मानले जाते. आमच्या पहिल्या बैठकीत एका ज्येष्ठ सरांनी मसुदा न वाचताच परत केला आणि ‘तीस वर्षे मी इथे शब्दावर काम केले’ एवढेच म्हणाले. त्यांचा मान राखूनही मला सांगावेसे वाटते की, शब्दावर ज्यांचे भागले ते सगळे ज्येष्ठच होते. रात्री दोन वाजता वॉर्डात उभ्या असलेल्या आरएमओला, म्हणजे निवासी वैद्यकीय अधिकाऱ्याला, कोणी शब्द दिलेला नव्हता.

आमच्याकडे तीन प्रकारचे डॉक्टर होते आणि मसुद्याने तिघांनाही एकाच दावणीला बांधले होते. आरएमओ आणि अतिदक्षता विभागातील डॉक्टर पगारावर होते. माझ्यासारखे पूर्णवेळ सल्लागार ‘एमजी’वर, म्हणजे मिनिमम गॅरंटीवर होते, महिन्याभराच्या कामातून तेवढी फी जमली नाही तरी ती रक्कम मिळायची, आणि अधिक जमली तर वरच्या रकमेतला ठरलेला हिस्सा मिळायचा. तिसरे व्हिजिटिंग कन्सल्टंट, जे आपले रुग्ण घेऊन येत आणि आपली फी घेऊन जात. कायद्यात ‘सेवेचा करार’ वेगळा आणि ‘सेवेसाठीचा करार’ वेगळा. पहिल्यात मालक आणि नोकर असतात, दुसऱ्यात एक स्वतंत्र व्यावसायिक आपले कौशल्य पुरवतो. पहिल्याच्या पगारातून वेतनावरचा कर कापला जातो, दुसऱ्याच्या फीमधून प्राप्तिकर कायद्याच्या त्या वेळच्या कलम १९४-जे प्रमाणे १० टक्के कापले जात. पुण्याच्या ग्रँट मेडिकल फाउंडेशनच्या प्रकरणात फीतील हिश्श्यावर काम करणारे सल्लागार हे रुग्णालयाचे नोकर ठरत नाहीत, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला होता, आणि प्रशासनाच्या वकिलांनी तो पहिल्याच दिवशी टेबलावर ठेवला.

मसुद्याची गंमत अशी होती की, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि रजा यांच्या कलमांत आम्ही स्वतंत्र व्यावसायिक होतो, आणि हजेरी, बाहेर प्रॅक्टिस न करणे, सांगतील त्या वेळी येणे यांच्या कलमांत आम्ही नोकर होतो. आमच्या वकीलबाईंनी ही दोन तऱ्हांची कलमे दोन रंगांच्या पेनांनी अधोरेखित केली आणि ते कागद काही न बोलता समोर सरकवले. पुढच्या दोन बैठका त्या रंगांवर गेल्या.

जबाबदारीच्या कलमाचीही तीच गत होती. डॉक्टर नोकरीत असो वा बाहेरून बोलावलेला असो, रुग्णापुढे रुग्णालयाला हात झटकता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सविता गर्ग यांच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. प्रशासनाला हे ठाऊक होते, म्हणूनच मसुद्यात असे कलम होते की, रुग्णालयाला द्यावी लागलेली कोणतीही नुकसानभरपाई संबंधित डॉक्टरने रुग्णालयाला भरून द्यावी. कोणतीही, म्हणजे ऑक्सिजनची पाइपलाइन बिघडली तरी, आणि दुसऱ्याच कोणी चुकीच्या गटाचे रक्त पाठवले तरी. अखेरीस ‘डॉक्टरच्या स्वतःच्या निष्काळजीपणापुरती, आणि इंडेम्निटी (व्यावसायिक चुकीच्या भरपाईच्या) विम्याच्या रकमेच्या मर्यादेत’ अशी भाषा ठरली, आणि पगारी डॉक्टरांच्या विम्याचा हप्ता रुग्णालयाने भरण्याचे कबूल केले.

पैशांवर सात महिने गेले. त्यातले बरेचसे सांगण्यासारखे नाही, कारण प्रत्येक विभागाचा आकडा वेगळा होता आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा आकडा अधिक वाटत होता. एकच मुद्दा इतरांच्या उपयोगी पडेल. कॅशलेस रुग्णाचे बिल विमा कंपनीकडे किंवा तिच्या वतीने दावे हाताळणाऱ्या टीपीएकडे गेले की त्यातून काही रक्कम कापून येते; ती कधी कागद अपुरे म्हणून कापली जाते, कधी दर अधिक म्हणून. मसुद्यात ही सगळी कपात डॉक्टरच्या हिश्श्यातून वळती करण्याची तरतूद होती, आणि ती पैशांच्या कलमात नसून शेवटच्या परिशिष्टातल्या व्याख्येत, ‘निव्वळ फी’ या शब्दाच्या अर्थात, बसवलेली होती. टक्का वाढवून घेतल्याच्या आनंदात ती व्याख्या आमच्या नजरेतून जवळजवळ सुटली होती. बिलिंग विभागाच्या चुकीमुळे झालेली कपात डॉक्टरवर पडणार नाही, असे आम्ही लिहून घेतले. धर्मादाय कायद्याच्या कलम ४१-एए खालील योजनेतील निर्धन रुग्णांकडून फी न घेण्यावर मात्र एक मिनिटही वाद झाला नाही, आणि चौदा महिन्यांत दोन्ही बाजूंनी एकदम मान हलवलेली ती बहुधा एकमेव जागा होती.

या सात महिन्यांत आमच्यातला सर्वांत तरुण प्रतिनिधी, म्हणजे आरएमओंचा प्रतिनिधी, फारसा बोलला नाही. टक्केवारीच्या गोष्टींत त्याला रस असण्याचे कारणही नव्हते. एका शनिवारी बैठक संपवून सगळे उठत असताना त्याने विचारले, ‘मॅडम, सातव्या पानावरचे चौथे कलम कधी घ्यायचे?’ मी पान उलटले. १९९८ च्या माझ्या पत्रातले तेच वाक्य तिथे होते, ‘रुग्णालयाच्या गरजेप्रमाणे सेवा द्यावी लागेल’, आणि पुढे आता आणखी एक शेपूट जोडलेले होते, ‘तसेच प्रशासन वेळोवेळी ठरवील त्याप्रमाणे’. कामाच्या तासांबद्दल संपूर्ण एकोणीस पानांत याहून अधिक काही नव्हते. त्या कलमाकडे आम्ही तिघा ज्येष्ठांपैकी कोणाचेही लक्ष गेले नव्हते, याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या बैठकीत आम्ही ते कलम काढण्याची मागणी केली, तेव्हा एरवी शांत असणाऱ्या एका विश्वस्तांनी मला थेट विचारले, ‘मॅडम, सव्वीस जुलैला तुम्ही तास मोजले होते का?’ मोजले नव्हते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी सकाळी मी ओटीत, म्हणजे शस्त्रक्रियागृहात, गेले आणि तिसऱ्या दिवशी घरी परतले. दुसऱ्या पाळीचे कोणी पोहोचू शकत नव्हते, जनरेटरवर शस्त्रक्रिया चालू होत्या, आणि घरी जाण्याचा विचार कोणाच्या मनातही आला नाही. विश्वस्तांचा प्रश्न खोटा नव्हता. परंतु त्याच सुमारास आरएमओंच्या प्रतिनिधीने मागच्या तीन महिन्यांचे ड्युटीचे तक्ते काढून आणले होते, आणि त्यांत अतिदक्षता विभागातल्या एका डॉक्टरची सलग छत्तीस तासांची पाळी अकरा वेळा लागलेली होती. त्या अकरा दिवसांपैकी एकाही दिवशी मुंबईत पूर आला नव्हता. एक पद चौदा महिने रिकामे होते, एवढेच घडले होते.

‘गरज’ या शब्दाचा हा खेळ मला नवा नसायला हवा होता. मी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एका सार्वजनिक रुग्णालयात निवासी डॉक्टर होते, आणि केंद्र सरकारचा निवासी डॉक्टरांबाबतचा प्रसिद्ध आदेश ५ जून १९९२ चा आहे. सलग १२ तासांहून अधिक काम नको, आठवड्याला साधारणपणे ४८ तास, आळीपाळीने आठवड्याची सुट्टी, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. आणि त्याच दमात असेही लिहिले आहे की, कामाचा भार आणि उपलब्ध डॉक्टर पाहून वैद्यकीय अधीक्षक तासांत लवचिकता ठेवू शकतील. देशभरातल्या निवासी डॉक्टरांची पुढची तीस वर्षे त्या ४८ च्या आकड्यात गेली नाहीत, त्या लवचिकतेत गेली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत तर आकडाही उरला नाही. ‘वाजवी’ कामाचे तास आणि विश्रांतीसाठी ‘वाजवी’ वेळ, असे शब्द आले. आयोगाच्याच मानसिक आरोग्यविषयक कृतिदलाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांहून अधिक काम नको अशी शिफारस केली. १९९२ मधले ४८ आणि २०२४ मधले ७४ हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. निवासी डॉक्टर हा कागदावर विद्यार्थी असतो, त्याला वेतन नसते, विद्यावेतन असते, म्हणून त्याची गोष्ट वेगळी असे म्हटले जाते. परंतु सवय तिथेच लागते, आणि ती सवय घेऊनच तो पुढे आमच्यासारख्या रुग्णालयात पगारावर येतो.

तयारीसाठी म्हणून मी इंग्लंडमधला २०१६ चा करार वाचला. ज्युनियर डॉक्टरांच्या या करारावरून तिथे रणकंदन झाले होते. जानेवारीत त्यांचा चाळीस वर्षांतला पहिला संप झाला, २६ आणि २७ एप्रिलला तातडीच्या सेवेतूनही ते बाहेर पडले, मे महिन्यात वाटाघाटींतून निघालेला मसुदा डॉक्टरांच्या संघटनेच्या जुलैमधील मतदानात ५८ टक्के मतांनी फेटाळला गेला, आणि आरोग्यमंत्री जेरेमी हंट यांच्या सरकारने तरीही ऑक्टोबरपासून तो टप्प्याटप्प्याने लागू केला. संघटनेची बहुमताची मान्यता त्याच्या सुधारित रूपाला मिळाली ती २०१९ मध्ये. आठवड्याला सरासरी ४८ तास, कोणत्याही सात दिवसांत कमाल ७२, एक पाळी १३ तासांपेक्षा लांब नाही, अशा त्यातल्या मर्यादा. मला रस वाटला तो दुसऱ्याच गोष्टीत. ठरल्यापेक्षा अधिक वेळ थांबावे लागले की डॉक्टरने ‘एक्सेप्शन रिपोर्ट’ नोंदवायचा, आणि प्रत्येक रुग्णालय-संस्थेत ‘गार्डियन’ नावाचा एक अधिकारी नेमलेला असायचा, जो या नोंदी पाहून मर्यादा मोडणाऱ्या विभागाला दंड करू शकायचा.

माझी भाची तिथे काम करते. मी मोठ्या उत्साहाने तिला फोन करून ही व्यवस्था कशी चालते ते विचारले. ती हसली. ‘मावशी, फॉर्म भरायला पाच मिनिटे लागतात. पण तो आधी वाचतात माझे सुपरवायझर, आणि माझ्या पुढच्या नोकरीच्या रेफरन्सवर सही त्यांचीच लागते. मी दोन वर्षांत एकदा भरलाय.’ तिचा अनुभव एकटीचा नव्हता. ही भीड तिथे सर्वत्र आढळली, आणि २०२४ मध्ये झालेल्या समझोत्यात हे नोंदवण्याचे नियम बदलण्याचा विषय वेगळा घ्यावा लागला. मी तिचे बोलणे वहीत टिपून घेतले, आणि नंतर विसरून गेले.

आमच्या करारात अखेरीस काय आले ते सांगते. पगारी डॉक्टरांसाठी चार आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला ५४ तास, सलग १४ तासांहून अधिक नाही, रात्रपाळीनंतर ११ तासांची अखंड विश्रांती. मर्यादा ओलांडली गेली तर दोन आठवड्यांच्या आत भरपाईची सुट्टी, तीही देता आली नाही तर दीडपट मोबदला. ‘गरजेप्रमाणे’ हा शब्द गेला. त्याच्या जागी ‘आपत्ती’ आली आणि आपत्तीची व्याख्या आली: शासनाने किंवा महापालिकेने जाहीर केलेली, अथवा एका वेळी दहाहून अधिक जखमी दाखल झालेली परिस्थिती, आणि तीही वैद्यकीय अधीक्षकांनी त्याच दिवशी लेखी नोंदवलेली. विश्वस्तांनी ही व्याख्या दोनदा मोठ्याने वाचली आणि ‘सव्वीस जुलै बसतो यात’ म्हणून समाधानाने मान डोलावली.

ऑन-कॉलच्या कलमावर सर्वांत मजेशीर बैठक झाली. मसुद्यात बोलावणे आल्यापासून तीस मिनिटांत रुग्णालयात पोहोचण्याची अट होती. लिहिणाऱ्याने ती कुठल्या तरी लहान शहराच्या करारातून उचलली असावी. आमच्या भूल विभागातली एक डॉक्टर कल्याणला राहते, दुसरा नालासोपाऱ्याला. शेवटची लोकल गेल्यावर पहिली लोकल येईपर्यंत त्यांनी तीस मिनिटांत काय करावे? बेल्जियममधील एका स्वयंसेवक अग्निशामकाच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे की, घरी थांबूनही आठ मिनिटांत हजर व्हायचे बंधन असेल तर तो सगळा वेळ कामाचाच धरावा, कारण त्या माणसाला त्या वेळात दुसरे काही करताच येत नाही. तो निकाल आपल्याकडे बांधील नाही, तरी त्यातला विचार वकीलबाईंनी मांडला. तीस मिनिटांत हवे असतील तर रुग्णालयात खोली द्या आणि तास मोजा. घरी थांबवायचे असेल तर नव्वद मिनिटे आणि टॅक्सीचे भाडे द्या. प्रशासनाने खोली दिली. ती पूर्वी जुन्या केसपेपरांची खोली होती, आणि तिला अजूनही तोच वास येतो.

बाकीची कलमे झटपट झाली. नोकरी सोडल्यावर दोन वर्षे पाच किलोमीटरच्या आत काम न करण्याची अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकणारी नव्हती, आणि मध्य मुंबईत पाच किलोमीटरचे वर्तुळ काढले तर त्यात किती रुग्णालये येतात हे नकाशावर दाखवल्यावर तीही गेली. प्रसूतीची रजा मुदतीच्या करारावरील डॉक्टरलाही पूर्ण २६ आठवडे मिळेल आणि मधेच कराराची मुदत संपली तरी लाभ थांबणार नाही, हे लिहून घेतले. सर्वोच्च न्यायालयाने डॉ. कविता यादव यांच्या प्रकरणात २०२३ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे आमच्या वाटाघाटी चालू असतानाच, हेच ठरवले होते, त्यामुळे वाद उरला नाही. तपासण्या आणि रेफरल यांच्या संख्येवर मोबदला नाही, हे कलम तर आम्हीच सुचवले.

सह्यांच्या दिवशी पेढे वाटले गेले. आता अंमलबजावणीचे सांगते.

पहिल्या महिन्याच्या अखेरीस प्रशासनाने आम्हाला एक तक्ता पाठवला. त्यात सर्व पगारी डॉक्टरांचे आठवड्याचे तास ५० ते ५४ च्या दरम्यान होते. इतके सुबक आकडे मी भूलतज्ज्ञ म्हणून कधी मॉनिटरवरही पाहिलेले नाहीत. चौकशी केली तेव्हा समजले की, पाळी संपण्याच्या वेळी लोक खाली जाऊन बायोमेट्रिक यंत्रावर बोट टेकवतात आणि परत वर येऊन काम करतात. जादा तासांच्या नोंदीसाठी प्रत्येक विभागात एक रजिस्टर ठेवले होते. पहिल्या तीन महिन्यांत सगळ्या विभागांत मिळून सात नोंदी झाल्या. भूल विभागात एकही नव्हती.

आमच्या विभागाचे रजिस्टर माझ्याच टेबलावर होते. विभागप्रमुख म्हणून मी ते माझ्या उजव्या हाताशी, रजेच्या अर्जांच्या फाइलवर ठेवले होते, आणि कोणी काही लिहीत नाही याचा अर्थ आमच्याकडे सगळे ठीक चालले आहे असा घेत होते. ज्या बाईने चौदा महिने भांडून ते कलम लिहून घेतले, तिच्या समोर उभे राहून ‘काल मी पाच तास अधिक थांबले’ असे लिहिणे आमच्या मुलामुलींना जमत नव्हते. एकीला मी खोदून विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही स्वतः रोज आठपर्यंत असता. मग आम्ही कसे लिहायचे?’ भाचीचे बोलणे टिपलेली वही त्या वेळी माझ्याच खणात होती.

रजिस्टर विभागप्रमुखांकडून काढून घ्यावे, हा प्रस्ताव मग मीच मांडला. ते एचआरकडे द्यावे तर तरुण डॉक्टर आणखी घाबरणार. वैद्यकीय अधीक्षकांकडे द्यावे तर तेच पाळ्या लावतात. बराच खल झाल्यावर आमच्या निवृत्त मेट्रनचे नाव पुढे आले. त्यांनी तीस वर्षे परिचारिकांच्या पाळ्या लावल्या होत्या, इमारतीत रात्री कोण कुठे असते हे त्यांना तोंडपाठ होते, आणि त्यांच्या पुढच्या नोकरीचा किंवा बढतीचा प्रश्नच उरला नव्हता. एका वरिष्ठ शल्यविशारदांनी ‘आता मेट्रनने डॉक्टरांचे तास मोजायचे?’ असे विचारले. त्या प्रश्नातला स्वर इथे लिहून दाखवता येत नाही, पण रुग्णालयात काम केलेल्या कोणालाही तो ऐकू येईल. विश्वस्तांनी मेट्रनना आठवड्याला तीन दिवसांच्या मानधनावर बोलावले.

मेट्रननी डॉक्टरांनी लिहिण्याची वाट पाहिली नाही. त्यांनी ओटीचे रजिस्टर, अतिदक्षता विभागातल्या टिपणांवरच्या वेळा आणि रात्रीच्या कँटीनच्या चहाच्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या, आणि बोट टेकवून गेलेला माणूस दोन तासांनी ओटीत सही करतो कसा, हे एकेकाला फोन करून विचारले. पुढच्या तीन महिन्यांत नोंदी सातावरून एकसष्टवर गेल्या. प्रशासन हादरले, करारामुळे काम बिघडले असा सूर निघाला. नीट पाहिल्यावर मात्र असे दिसले की, एकसष्टांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश नोंदी मंगळवारी आणि शुक्रवारी झालेल्या होत्या. त्या दोन दिवशी एक व्हिजिटिंग सर्जन दुसरीकडची कामे आटोपून आमच्याकडे संध्याकाळी साडेपाचला यादी सुरू करत. यादी संपेपर्यंत मध्यरात्र व्हायची, आणि भूल विभाग, ओटीच्या परिचारिका, रिकव्हरीतला आरएमओ असे सगळे अडकून पडायचे. हे सगळ्यांना माहीत होते. वर्षानुवर्षे माहीत होते. फक्त कोणाच्याही कागदावर नव्हते, त्यामुळे त्याचा खर्च रुग्णालयाला शून्य होता.

त्या सर्जनना यादी दुपारी दोनला सुरू करण्याची विनंती केली गेली. त्यांनी नकार दिला, मग दुसऱ्या रुग्णालयात जाण्याची भाषा केली, आणि अखेर मंगळवार दुपारचा झाला. शुक्रवार संध्याकाळचाच राहिला आहे. अतिदक्षता विभागातील रिकामे पद जाहिरात देऊनही अजून भरलेले नाही, कारण तितक्या पगारात तितक्या रात्री करायला माणूस मिळत नाही. तिथल्या दोघांच्या भरपाईच्या सुट्ट्या साचत चालल्या आहेत आणि दीडपट मोबदला दर महिन्याला द्यावा लागतो आहे. तो आकडा पाहून विश्वस्तांनी अलीकडे पदाचा पगार वाढवण्याचा विषय स्वतःहून काढला, असे मला कळले आहे. कराराचा फेरविचार २०२७ च्या मार्चमध्ये व्हायचा आहे, तोवर मेट्रनची रजिस्टरे हेच आमचे खरे दप्तर असेल.

मागच्या आठवड्यात मला त्यांचा फोन आला.

‘मॅडम, मंगळवारी रात्री दोन ते पावणेपाच तुम्ही ओटीत होतात. तिथल्या रजिस्टरमध्ये तुमची सही आहे. माझ्याकडे काही नाही.’

‘अहो सिस्टर, राहू द्या,’ मी म्हटले. ‘तातडीचे सिझेरियन होते, आणि मी विभागप्रमुख आहे.’

‘पदासाठी माझ्या रजिस्टरमध्ये रकाना नाही,’ त्या म्हणाल्या. ‘निघालात किती वाजता?’

मी वेळ सांगितली. भरपाईची सुट्टी शुक्रवारी लागली, आणि संध्याकाळच्या यादीसाठी बाहेरून भूलतज्ज्ञ बोलवावा लागला. त्याच्या बिलाची एक प्रत प्रशासनाने ‘माहितीसाठी’ म्हणून मला पाठवली आहे.